लाटांचा अंदाज: तयार निकाल, आकडे की बोया?

उद्या पहाटे सर्फिंगचा बोर्ड घेऊन निघायचं का, हे ठरवायला तीन तऱ्हेची साधनं आहेत. सर्फलाइन या संकेतस्थळाचा तयार निकाल, विंडगुरू आणि विंडी या संकेतस्थळांवरचे आकडे, आणि समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या बोयांच्या नोंदी.

सर्फलाइन १९८५ मध्ये फोनवर अंदाज सांगत सुरू झालं; २०२३ मध्ये मॅजिकसीवीड हे तसंच दुसरं संकेतस्थळही त्यातच विलीन झालं. ते त्या किनाऱ्यावर लाट केवढी फुटेल ते सांगतं आणि एकूण परिस्थितीला एक रंग देतं. अनेक ठिकाणी कॅमेरेही आहेत. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी, पण एक लक्षात ठेवून: 'उत्तम'चा रंग मुरलेल्या सर्फरसाठी असतो. त्या दिवशी तुम्ही काठावर बसणंच शहाणपणाचं असू शकतं.

विंडगुरूवर सगळं एका तक्त्यात मिळतं: लाटेची उंची, कालावधी (एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमधली सेकंदं), दिशा, वारा, वाऱ्याचे झोत. वाचायला चार दिवस जड जातं, पण माझा कौल यालाच, कारण रंगात कालावधी लपून जातो. दीड मीटर ७ सेकंदांची आणि दीड मीटर १४ सेकंदांची, या दोन लाटा एक नव्हेत. खोल पाण्यात पहिलीची लांबी सुमारे ७६ मीटर, दुसरीची ३०० च्या वर. दुसरी दुप्पट ऊर्जा वाहून आणते, दीडशे मीटर खोलीपासूनच तिला तळ जाणवू लागतो आणि उथळात ती जास्त उंचावते. आणखी एक: तक्त्यातली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून येणारी थोरली लाट तिच्या जवळजवळ दुप्पट असू शकते.

विंडी नकाशावर दाखवतं. दूरवरून आलेल्या लाटा, म्हणजे स्वेल, आणि जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा वेगळ्या करून बघायला ते फार छान. शिवाय वाऱ्याचा अंदाज काढणारी संगणकी मॉडेलं तिथल्या तिथे बदलता येतात. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलची जाळी, म्हणजे हिशेबाच्या दोन बिंदूंमधलं अंतर, साधारण १३ किलोमीटरची, युरोपीय ईसीएमडब्ल्यूएफ मॉडेलची ९. चार-पाच दिवस पुढचं बघताना मी युरोपीय मॉडेलवर जास्त विसंबतो. दोन्ही जुळली तर रजा टाका, फाटली तर थांबा. पण तुमच्या खाडीच्या तोंडाशी वारा कसा वळतो, हे या जाळीत मावत नाही. पहाटेचे मतलई वारे लाटेचं तोंड गुळगुळीत ठेवतात. जमीन तापली की खारे वारे येऊन सगळं विस्कटतात. ती वेळ किनाऱ्यावरच्या रोजच्या माणसाला विचारावी.

बोया पुढचं काहीच सांगत नाही. आत्ता तिथे काय चाललंय एवढंच सांगतो. म्हणूनच निघण्याआधी शेवटचा शब्द त्याचा. खोल पाण्यात स्वेलचा वेग नॉटमध्ये काढायला कालावधीची दीडपट करायची. १४ सेकंदांचा स्वेल २१ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ३९ किलोमीटरने येतो. बोया ३०० किलोमीटर बाहेर असेल, तर तुमच्या हाती साडेसात-आठ तास आहेत. संध्याकाळी तिथे कालावधी अचानक लांबला, तर पहाटेचा गजर लावा. अंदाजात स्वेल आहे पण बोया शांत, तर मी निघत नाही.

जवळ बोया नसेल, तर कॅमेऱ्यासमोर निदान वीस मिनिटं बसा. लांब पल्ल्याच्या स्वेलमध्ये मोठ्या लाटांच्या दोन जथ्यांमध्ये बराच वेळ पाणी सपाट दिसतं.