बीटल्सचं ‘पास्ट मास्टर्स’: माळ्यावरचं सामान, पण कसलं सामान!

आधीच सांगते, साठच्या दशकातला हा इंग्लिश बँड, बीटल्स, पहिल्यांदाच ऐकणार असाल तर इथून सुरू करू नका. हा खरं तर अल्बमच नाही. त्यांचा सगळा कॅटलॉग सीडीवर आला तेव्हा अल्बमांमधून जे जे बाहेर राहिलं होतं, म्हणजे सिंगल्स (दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्ड), त्या सिंगल्सच्या मागच्या बाजू, एका ईपीवरची (सिंगलपेक्षा मोठी, अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) चार गाणी, दोन जर्मनमधली गाणी, ते सगळं गोळा करून 1988 मध्ये दोन भागांत काढलं. 2009 च्या रीमास्टरमध्ये दोन्ही भाग एकत्र झाले, डबल सीडी, 33 गाणी, माझ्याकडे तीच आहे आणि तिचा डबा कधीच निखळलाय कारण ती माझ्याकडे असते कमी आणि मित्रमंडळीत फिरते जास्त.

आम्ही चौघं आहोत, बी-साइडवाले, म्हणजे त्या मागच्या बाजूंचे वेडे. ‘हे ज्यूड’ लागलं की आम्ही एकमेकांकडे बघतो आणि म्हणतो, हो, छान आहे, पुढे? आगाऊपणा आहे, मान्य. पण या सेटची मजा अशाच लोकांना येते, एकट्यानं ऐकण्यापेक्षा चार जणांत भांडत ऐकायची चीज आहे ही.

पहिला भाग मला जरा कंटाळवाणा वाटतो, खोटं कशाला बोला. जर्मन गाणी एकदा हसण्यापुरती ठीक, नंतर हात आपोआप पुढच्या गाण्यावर जातो. पण त्यातच ‘येस इट इज’ आहे, 1965 चं, ‘तिकीट टू राइड’च्या मागच्या बाजूचं, आणि त्यावरून आमच्यात कायमचे दोन गट पडलेत. ते लिहिणाऱ्या जॉन लेननला स्वतःलाच ते आवडायचं नाही, आपलंच आधीचं ‘धिस बॉय’ परत लिहायला गेलो आणि जमलं नाही असं त्याचं म्हणणं होतं. आमच्यातला एक जण म्हणतो लेननच म्हणाला ना, विषय संपला. मी म्हणते लेननला काय कळतंय! तीन आवाज एकमेकांना घासून जातात आणि मधे जॉर्ज हॅरिसनची गिटार पेडलमुळे हुंदका दिल्यासारखी फुगते आणि विरते, ते ऐकून ज्याला काही होत नाही त्यानं खुशाल दुसऱ्या खोलीत जावं. आणि ‘आय'म डाउन’ सोडू नका, पॉल मॅकार्टनी घसा फाडून ओरडतोय आणि त्याच दिवशी, 14 जून 1965 ला, त्यानं ‘यस्टरडे’पण रेकॉर्ड केलंय. एकाच दिवसात, एकाच गळ्यातून. मला सर्दी झाली की आठवडाभर फोनवर कोणी ओळखत नाही.

आता तक्रार. सुरुवातीची काही गाणी दोन ट्रॅकवर रेकॉर्ड केलेली, त्यामुळे स्टिरिओमध्ये गायन एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात असला प्रकार आहे. स्पीकरवर चालून जातं, हेडफोनवर डोकं वाकडं झाल्यासारखं वाटतं. आमच्या एका मैत्रिणीच्या इअरबडपैकी एक मेलेला होता आणि तिला ते माहीत नव्हतं, ‘फ्रॉम मी टू यू’ लावून ती आम्हाला म्हणाली, अरे याचं नुसतं वाद्यांचं व्हर्जन कसलं भारी आहे, तुम्ही कधी सांगितलं नाहीत! दहा मिनिटं आम्ही चौघं ते व्हर्जन शोधत होतो. मग कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, मग इअरबड साफ कसे करायचे यावर चर्चा, मग टूथब्रश, मग कोणाच्या तरी दाढेचं रूट कॅनाल. गाणी केव्हाच संपली होती. ‘शी लव्हज यू’ मात्र मोनोच आहे, म्हणजे दोन्ही कानांत सगळं सारखंच, कारण त्याच्या मूळ टेपच राहिल्या नाहीत, आणि हेडफोनवर तेच जास्त बरं वाटतं, घ्या.

खरा माल दुसऱ्या भागात. ‘रेन’. 1966, ‘पेपरबॅक रायटर’ची मागची बाजू. वाद्यं वेगात वाजवून टेप हळू केली म्हणून सगळं असं जड, ओलं, चिखलात पाय रुतल्यासारखं वाटतं, आणि शेवटी लेननचा आवाज उलटा वाजतो. ही उलट्याची आयडिया आपली असं लेनन सांगायचा, त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन म्हणायचे आपली, आम्ही त्यावर दोन-दोन मतं देऊन बरोबरीत सुटलोय. रिंगोचे ड्रम मात्र वादाच्या पलीकडे, तो स्वतःच हे आपलं सगळ्यात भारी वाजवणं मानतो. तुम्ही एकदा फक्त ड्रम ऐका, बाकी काही नाही. आमच्यातल्या एकाचं वॉशिंग मशीन शेवटच्या फेरीला डिट्टो तसं वाजतं म्हणे, त्यानं रेकॉर्ड करून पाठवलं होतं. नाही वाजत.

आणि मग एकदम 1968! ‘रेन’ संपतं आणि धाडकन ‘लेडी मॅडोना’. मधलं आख्खं 1967 गायब, कारण त्या वर्षीची सिंगल्स ‘मॅजिकल मिस्टरी टूर’वर गेली. तर्क बरोबर आहे हो, पण ऐकताना जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं होतं.

त्यानंतर ‘द इनर लाइट’, आणि माझ्यासाठी पूर्ण सेटची किंमत इथेच वसूल. जानेवारी 1968 मध्ये जॉर्ज हॅरिसन एका सिनेमाचं संगीत करायला मुंबईत आला होता, तेव्हा एचएमव्हीच्या स्टुडिओत याची वाद्यं रेकॉर्ड झाली, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, सरोदवर आशिष खान. शब्द ‘ताओ ते चिंग’वरून, आणि ते सुचवले केंब्रिजमधल्या संस्कृतच्या एका अभ्यासकानं. रिंगोचे ड्रम नाहीत, गिटार नाही, जॉन आणि पॉल शेवटी जरासे आवाज देऊन जातात. जॉर्जचं सिंगलवर आलेलं हे पहिलं गाणं, तेही मागच्या बाजूला. इतकी वर्षं आमचा एक मित्र ‘यातली सितार काय वाजलीय’ म्हणत होता, आणि सरोद आहे रे बाबा ती, हे सांगायला मला संकोच वाटायचा. एकदा सांगितलं, तर म्हणाला, मला माहीत होतं, तुला माहीत आहे का बघत होतो. बरं.

‘अक्रॉस द युनिव्हर्स’चं इथलं व्हर्जन वेगळं आहे, सुरुवातीला पक्ष्यांचे आवाज, कारण ते वन्यजीवांसाठीच्या मदतीच्या अल्बमला दिलं होतं. पण खरी गोष्ट मागच्या आवाजांची. वरच्या पट्टीतले सूर हवे होते, तर स्टुडिओबाहेर ताटकळणाऱ्या फॅन मुलींमधल्या दोघींना आत बोलावलं, एक तर ब्राझीलहून आलेली 16 वर्षांची पोर. ‘लेट इट बी’ अल्बमवरच्या व्हर्जनमधून त्यांचे आवाज काढून टाकले. इथे आहेत, थोडे कच्चे, थोडे घाबरलेले, आणि आमच्या चौघांपैकी कोणीही ते चालू असताना बोलत नाही, हे आमच्या बाबतीत फार आहे हो.

घ्यायचं की नाही? अल्बम सगळे ऐकून झाले असतील तर डोळे झाकून घ्या. फक्त गाजलेली गाणी हवी असतील तर नका घेऊ, त्यासाठी ‘1’ नावाचं कलेक्शन आहे. आणि पहिल्या वेळी गाण्यांचा क्रम बदलू नका, काळाप्रमाणे लावलेत, चार पोरांचे आवाज वर्षागणिक कसे बदलत गेले ते कळतं. पाचापैकी साडेचार, अर्धा स्टिरिओसाठी कापला.

शेवटचं गाणं ‘यू नो माय नेम’, नुसता धुडगूस, त्यात रोलिंग स्टोन्सच्या ब्रायन जोन्सचा सॅक्सोफोन. ‘लेट इट बी’नंतर लगेच येतं, म्हणजे डोळे पुसताय आणि कोणी काखेत गुदगुल्या केल्या. आमच्यातला सरोदवाला दर वेळी म्हणतो हे बंद कर, आणि दर वेळी संपेपर्यंत बूट घालत दारात उभा असतो.