दादर फुलबाजार : टेबलावर मोसमी आरास करणाऱ्यांनी मंडईच्या आधी फुटपाथवर जावं

डायनिंग टेबलच्या मधोमध ठेवायला सीझनप्रमाणे बदलणारं आणि खरोखर झाडाचं असं काही हवं असेल तर मुंबईत दादरच्या फुलबाजाराला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे, आणि डेकोरची दुकानं, ऑनलाइन साइट, नर्सऱ्या असं सगळीकडून सामान घेऊन झाल्यावरच मी हे म्हणतेय. पण बाजाराबद्दल लिहिताना सगळे मीनाताई ठाकरे फुलमंडईच्या आत काय मिळतं तेवढंच सांगतात, झेंडूचा भाव काय, ऑर्किड कुठे स्वस्त, जरबेराची गड्डी केवढ्याला. आपल्या कामाचा अर्धा माल तर बाहेर बसलेला असतो, स्टेशनच्या पश्चिमेला केशवसुत पुलाच्या आसपास, पालघर-डहाणू-वसईकडून पहाटेच्या गाडीने भारे घेऊन आलेल्या बायकांकडे. पळसाची पानं, आंब्याचे टाळे, केळीची पानं, रानातल्या वेली, दूर्वा, आणि त्या त्या महिन्यात जे उगवतं फुलतं ते.

मला हा बाजार आवडतो तो याच्यासाठी. डेकोरच्या दुकानात 'फॉल कलेक्शन' म्हणून पाइनकोन आणि नारिंगी मेपलची पानं असतात, प्लास्टिकची, आणि आपल्याकडे आश्विनात असं काही कुठे पडलेलं नसतं. आपल्याकडे आश्विनात भात पिकलेला असतो. दसऱ्याच्या आधी चार-पाच दिवस जाऊन बघा, भाताच्या लोंब्यांच्या जुड्या, कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे, लालभडक कोंबड्याची फुलं आणि झेंडू तर विचारूच नका. लोंब्या आणि कुरडू ही जोडी मला सगळ्यात आवडते कारण दोन्ही पाण्याशिवाय टिकतात, पितळी तांब्यात नुसती उभी करून ठेवली तरी कुरडू जागच्या जागी वाळतो, रंग थोडा फिका होतो पण जात नाही, आमच्याकडे दसऱ्याचा तांब्या थंडी संपेपर्यंत तसाच असतो. लोंब्या घरी आणल्या की आधी कागदावर झटकून उन्हात ठेवा, त्यात बारीक किडे असतात आणि जेवायच्या टेबलावर ते नकोत.

आपट्याचं मात्र बघून घ्या. दसऱ्याला आपटा म्हणून सर्रास कांचनाच्या फांद्या विकल्या जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, कांचनाचं मोठं आणि लांबट. ओळखीच्या मावशी विचारलं की खरं सांगतात, "कांचन हाय ताई, आपटा हवा तर उद्या लवकर या." आणि टेबलावर मांडायला एखादी डहाळी पुरते, त्यासाठी भारा घ्यायची काहीच गरज नाही, झाडं आधीच ओरबाडली जातात.

भाद्रपद म्हणजे या बाजाराचा सगळ्यात श्रीमंत काळ आणि सगळ्यात गर्दीचाही. तेरडा गुलाबी, जांभळा, पांढरा असा ढिगाने येतो पण तो शेवटी तेरडाच, रंग तीन दिवस, म्हणून पाहुणे येणार त्याच दिवशी पहाटे घ्यायचा, देठ पाणीदार असतात आणि लोकलच्या गर्दीत कटकन मोडतात, तेव्हा उथळ बादली किंवा टोपली घेऊनच जा. याच दिवसांत गणपतीच्या पत्रीचे वाटे असतात आणि ते बघून मोह होतो की चला सगळी हिरवाई टेबलावर मांडू. तसं करू नका. पत्रीत धोत्रा, रुई, कण्हेर असतात, तिन्ही विषारी, देवापुढे ठीक पण पोळ्यांच्या डब्याशेजारी नकोत, आणि घरात रांगतं मूल असेल तर अजिबातच नकोत. तेच कळलावीचं आणि गुंजांचं. गुंजा वाळलेल्या वेलीवर इतक्या सुंदर दिसतात की कोणालाही वाटेल वाटीत भरून ठेवाव्या, पण लहान मुलाच्या हाताला लागतील अशा ठेवू नयेत. मला याबद्दल कळकळीने लिहावंसं वाटतं कारण आराशीचे फोटो टाकणारे कोणी हे सांगत नाहीत.

आता मंडईच्या आतलं. पहाटे साडेचार-पाचला माल ताजा असतो, आठनंतर भाव उतरतो पण निवड राहत नाही. कमळाच्या कळ्या आत छान मिळतात. कमळाची कळी तोडल्यावर घरी पाण्यात ठेवून सहसा फुलत नाही, आठवडाभर वाट बघून लोक टाकून देतात. तिथल्या एका बाईंनी मला उभ्या उभ्या दाखवलं होतं, बाहेरच्या हिरवट पाकळ्या काढायच्या, मग एकेक पाकळी अंगठ्याने हळूच बाहेर आणून तिचं टोक आत देठाकडे दुमडायचं, पाकळी तुटत नाही, रबरासारखी वळते, अशा दोन-तीन ओळी दुमडल्या की मधला पिवळा गाभा दिसायला लागतो आणि फूल दुप्पट मोठं होतं. काशाच्या परातीत दोन बोटं पाणी, तीन दुमडलेली कमळं आणि एक पळसाचं पान, बास, याच्यावर टेबलाला काही लागत नाही.

आत एक गोष्ट खटकते ती रंगवलेल्या फुलांची. निळी शेवंती, हिरवा निशिगंध, हे सगळं शाईत बुडवलेलं असतं आणि एका गाळ्यावर मला ते 'नॅचरल आहे मॅडम' म्हणून दिलं, घरी आल्यावर फुलदाणीतलं पाणी निळं आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर कायमचा डाग. शिवाय गड्डीत वरच्या फेरीला ताजी आणि आत कालची उरलेली फुलं हा प्रकार आहेच, गड्डी उलटी करून देठ बघायचे, देठाचं टोक तपकिरी आणि चिकट असेल तर पुढे चालायचं. बाहेरच्या बायकांकडे हे फारसं होत नाही कारण त्यांचा माल मुळात आदल्या दिवशी तोडलेला आणि सगळा डोळ्यांसमोर पसरलेला असतो.

आत फुलांचे देठ खोचायचा तो हिरवा फोमही मिळतो आणि विकणारे आग्रह करतात. मी घेत नाही, तो प्लास्टिकच आहे, कुजत नाही, चुरा होऊन पाण्याबरोबर नाल्यात जातो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या शोमध्ये तो बंद केला. त्याऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी हार्डवेअरवाल्याकडून हातभर आणा, सैलसर गोळा करून घंगाळात किंवा खोल वाडग्यात दाबून बसवा, त्यात कुठलाही देठ उभा राहतो आणि जाळी वर्षानुवर्षं वापरता येते. उथळ भांडं असेल तर जपानी पद्धतीचा खिळ्यांचा केन्झान उत्तम, महाग वाटतो पण एकदाच घ्यायचा.

उंचीचं सगळे विसरतात. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा, मनगटाच्या वर काही जाता कामा नये, नाहीतर समोरच्या माणसाशी बोलताना मान वाकडी करावी लागते. आणि जेवायच्या टेबलावर केवडा, निशिगंध नको, वरण-भाताचा वास मरतो. मोगरा चालतो पण मूठभर.

बाकीच्या महिन्यांचं थोडक्यात. मार्गशीर्षात गुरुवारच्या पूजेचे पाच प्रकारचे डहाळे जुडी बांधून मिळतात, बुधवारी संध्याकाळीच जा. संक्रांतीला उसाची कांडं, हरभऱ्याचे टहाळे, बोरं, गव्हाच्या ओंब्या, सुगडात भरून मधोमध ठेवलं की वेगळी सजावट लागतच नाही आणि पोरं येता-जाता बोरं खातात. चैत्रात कडुलिंबाचा फुलोरा आणि देठासकट कैऱ्यांचे घोस, हळदीकुंकवाला याच्याइतकं साधं आणि देखणं दुसरं काही नाही. मे महिना कोरडा जातो, तेव्हा मोगरा आणि हिरवी पानं यावर भागवायचं.

भावाचं म्हणाल तर घासाघीस फुटपाथवर करू नका हो. भारा तोडून, बांधून, रात्रीची झोप मोडून त्या बायका येतात आणि पालिकेची गाडी आली की माल गोळा करून पळावं लागतं ते वेगळंच. मॉलमधल्या सुकवलेल्या एका बंचच्या किमतीत इथे आख्खं टेबल सजतं आणि वर दाराला तोरणही होतं. बऱ्याच जणींकडे आता क्यूआर कोड असतो पण सगळ्यांकडे नाही, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा ठेवा. कापडी पिशव्या, ओला पंचा देठ गुंडाळायला आणि जुनी वर्तमानपत्रं न्या. सणाच्या आदल्या दिवशी शक्यतो जाऊच नका, दोन दिवस आधीचा साधा वार गाठा, सकाळी सहाच्या आत, म्हणजे मावशींना बोलायला वेळ असतो आणि पुढच्या आठवड्यात काय येणार तेही त्या सांगतात.

पाचपैकी साडेचार, अर्धा त्या निळ्या शेवंतीचा कापला.