डबा की शाळेचं ताट? ग्लुटेन वर्ज्य असलेल्या मुलासाठी

मुलाला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने त्याच्या आतड्याला इजा होते, हे कळल्यावर घरचं स्वयंपाकघर महिना-दोन महिन्यांत रुळावर येतं. पिठाचे डबे बदलतात, चाळणी नवी येते, पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायची सवय लागते. खरी काळजी उरते ती शाळेतल्या मधल्या सुट्टीची. तिथे बहुतेकांपुढे दोन वाटा असतात. घरून डबा द्यायचा, नाहीतर कॅन्टीनकडे ग्लुटेनमुक्त ताट मागायचं. आमच्या मुलीसाठी आम्ही दोन्ही करून पाहिलं. आधी दीड वर्ष डबा, मग जवळजवळ एक पूर्ण शालेय वर्ष कॅन्टीन, आणि आता पुन्हा डबा. पुढे लिहिलंय ते एका घराच्या अनुभवावरून, तुमच्या शाळेत चित्र वेगळं असू शकेल.

गहू, बार्ली आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) टाळायचे, ओट्स घ्यायचे तर शुद्धतेची खात्री असलेलेच, हे तुम्हाला एव्हाना पाठ असणार. त्यात शिरत नाही.

आधी कॅन्टीनची बाजू मांडतो, कारण ती लंगडी नाही. जेवण गरम मिळतं. मूल मित्रमैत्रिणींबरोबर त्याच रांगेत उभं राहतं आणि त्यांच्यासारख्याच ताटात जेवतं. आमच्या मुलीला या गोष्टीचं किती अप्रूप होतं ते पहिल्या आठवड्यातच दिसलं. घरी आल्यावर ती जेवणाबद्दल बोलायचीच नाही, शेजारी कोण बसलं होतं ते सांगायची. पोषणाच्या दृष्टीनेही चांगलं कॅन्टीन उजवं ठरू शकतं. बाजारात मिळणाऱ्या ग्लुटेनमुक्त पाव-बिस्किटांत बहुधा तंतू कमी असतात, लोह आणि ब जीवनसत्त्वंही कमी पडू शकतात, आणि निदान नुकतंच झालेल्या मुलांच्या अंगात बऱ्याचदा लोहाची आधीच वानवा असते. पहिल्या वर्षी आमचा डबा अशाच पाकिटांनी भरलेला असायचा. उलट कॅन्टीनच्या आचाऱ्यांनी साधी युक्ती केली होती. पावाला पर्याय शोधत बसण्यापेक्षा भात, बटाटे, कडधान्यं, अंडी असे मुळातच ग्लुटेन नसलेले पदार्थ त्यांनी पुढे आणले. सूप दाट करायला मैद्याऐवजी मक्याचं स्टार्च वापरायला लागले, तेही सगळ्यांच्याच सूपला. एकाच मुलीसाठी वेगळं पातेलं चढवण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

आणि असं ताट मागताना आपण उपकार मागतोय असं वाटू देऊ नका. इटलीत तर 2005 च्या कायद्यानुसार शाळांच्या आणि रुग्णालयांच्या भोजनगृहांना सिलिअ‍ॅक असलेल्यांनी मागणी केल्यावर ग्लुटेनमुक्त जेवण द्यावंच लागतं.

होकार देण्याआधी मी स्वयंपाकघर बघून आलो होतो. खरं सांगतो, समाधान झालं होतं. तिच्यासाठी वेगळी चाळणी, वेगळा कापायचा पाट. तिचे पदार्थ सकाळी सगळ्यात आधी व्हायचे, पिठाचं पोतं उघडण्यापूर्वी, कारण हवेत उडालेलं पीठ बराच वेळ तरंगतं आणि मग जिथे-तिथे बसतं. साध्या पास्त्याच्या पाण्यात तिचा पास्ता शिजवायचा नाही, पावाचा चुरा लावलेलं काही ज्या तेलात तळलं त्यात तिचं काही तळायचं नाही, हे मी न विचारताच त्यांनी सांगितलं. सॉसची बाटली बदलली तर लेबल पुन्हा वाचायचं, हेही त्यांना ठाऊक होतं. बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो हे कित्येक घरांत माहीत नसतं, त्यांना माहीत होतं.

एवढं सगळं असून आम्ही कॅन्टीन सोडलं ते एका पळीमुळे.

स्वयंपाकघरात सगळं चोख होतं. पण वाढायच्या टेबलावर दोन भांडी शेजारी-शेजारी असायची, एक सगळ्यांच्या रश्श्याचं, एक तिच्या. प्रत्येकात आपापली पळी. नेहमीच्या वाढणाऱ्या बाई हे काटेकोरपणे सांभाळायच्या. एक दिवस त्या रजेवर होत्या. बदली आलेल्या बाईंनी गर्दीच्या घाईत सगळ्यांच्या रश्श्यातली पळी फडक्याला पुसली आणि तिच्या भांड्यात घातली. मुलीने ते बघितलं. बोलली काहीच नाही. ताट घेतलं, जाऊन बसली, जेवली. रात्री पोट दुखायला लागलं तेव्हा विचारून विचारून एवढंच कळलं की "मागे रांग होती."

मी शाळेत जाऊन सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी तिच्या भांड्यासाठी वेगळ्या रंगाची पळी आणली. सव्वा महिना ठीक गेला. मग पुन्हा कोणी नवीन माणूस, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने ताट घेतलं, फक्त फळ खाल्लं आणि उपाशी घरी आली. माझ्या दृष्टीने निर्णय त्या दिवशी झाला. पोटदुखी औषधाने थांबली असती. पण सात वर्षांच्या मुलीने रोज पळीवर नजर ठेवायची, आणि मागे रांग खोळंबलेली असताना मोठ्या माणसाला "पळी बदला" म्हणायचं, हे ओझं तिच्या खांद्यावर असायला नको होतं.

एका पळीला लागून जाईल एवढ्याने खरंच बिघडतं का? हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे किलोमागे 20 मिलिग्रॅमची. दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना चालतं असं मानतात, आणि रोज 50 मिलिग्रॅम तीन महिने पोटात गेल्यावर आतड्याला इजा झाल्याचं मोठ्या माणसांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. गव्हाच्या पावाच्या एका कापात ढोबळपणे 2 ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे त्या कापाचा चाळिसावा भागच 50 मिलिग्रॅम झाला. मैद्याने दाट केलेल्या रश्श्याची पळी किती देते हे मी मोजलेलं नाही. मी फक्त तिचं पोट बघितलंय. त्या वर्षी उतरत आलेला तिचा अँटिबॉडीचा आकडा (आजार आटोक्यात आहे का हे दाखवणारी रक्ततपासणी) मध्येच अडकून राहिला, डबा सुरू झाल्यावर पुन्हा उतरला. डॉक्टरांनी एकाच कारणावर बोट ठेवायला नकार दिला आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. मला मात्र आमच्यापुरतं उत्तर मिळालं.

कॅन्टीनशी बोलायला गेलात तर एक गोष्ट नक्की समजावून सांगा. ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हे. ते उकळून मरत नाही, सॅनिटायझरने जात नाही. भांडं साबणाच्या पाण्याने घासूनच धुवावं लागतं. "पुसून घेतली होती" हे उत्तर देणाऱ्याला खरोखर वाटत असतं की आपण काळजी घेतली.

आता डबा. त्याचेही ताप आहेत. रोज सकाळी आपला अर्धा तास जातो. गार झालेला भात कडक होतो, ग्लुटेनमुक्त पाव दुपारपर्यंत भुसभुशीत होतो. आम्ही रुंद तोंडाचा थर्मास घेतला. त्यात आधी दहा मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवायचं, मग ते ओतून देऊन वाफाळतं जेवण भरायचं. मधल्या सुट्टीपर्यंत चांगलं गरम राहतं. बाकीच्या दिवशी गारच बरे लागणारे पदार्थ: उकडलेले बटाटे, मका, कडधान्यांची कोशिंबीर, अंडं, फळं.

डब्याने धोका शून्य होतो असंही नाही. टेबलावर आदल्या मुलाच्या पावाचा चुरा पडलेला असतो, म्हणून डब्याखाली अंथरायला कापडी रुमाल देतो. मुलं घासांची देवाणघेवाण करतात, ते वर्गशिक्षिकांच्या कानावर घालून ठेवलंय. हस्तकलेच्या तासाला आकार करायला देतात त्या प्ले-डोसारख्या मऊ रंगीत गोळ्यांत बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे जेवणाआधी हात साबणानेच धुवायचे. वर्गात तिचं नाव लिहिलेली बंद खाऊची पिशवी ठेवलेली असते, डबा विसरला किंवा सांडला तर उपयोगी पडते. तिच्यावरची तारीख दर दोन महिन्यांनी बघतो.

सगळ्यात मोठा तोटा वेगळाच होता. काही शाळांत घरून डबा आणणाऱ्यांची बसायची जागा वेगळी असते. आमच्याकडेही होती. रांगेतली ती गंमत तिला सोडावी लागली, ते मलाही लागलं. शेवटी शाळेला विनंती केली की ती डबा घेऊन कॅन्टीनच्याच टेबलावर मैत्रिणींबरोबर बसेल. परवानगी मिळाली. ती मिळाली नसती तर डब्याकडे माझा कल इतका ठाम राहिला असता की नाही, सांगता येत नाही.

ज्या घरांना शाळेच्या जेवणाचाच आधार आहे त्यांना "डबा द्या" म्हणणं बरोबर नाही. त्यांनी, आणि ज्यांना डबा रोज जमणारच नाही त्यांनी, शाळेकडे बाकी काही मागण्याआधी एकच मागावं: ताट स्वयंपाकघरातच वाढून, झाकण लावून, वर मुलाचं नाव लिहून बाहेर यावं. उघड्या टेबलावरची पळी मध्ये आलीच नाही तर माझी अर्धी तक्रार संपते. मूल दहा-अकरा वर्षांचं आणि बोलकं असेल तर पारडं कॅन्टीनकडे आणखी झुकेल.

ठरवण्याआधी स्वयंपाकघर जरूर बघा, पण तेवढं पुरेसं नाही. परवानगी काढून ऐन मधल्या सुट्टीत वाढायच्या टेबलापाशी दहा मिनिटं उभे राहा, शक्यतो नेहमीचं माणूस रजेवर असेल त्या दिवशी. भांड्यांकडे न बघता वाढणाऱ्या हाताकडे बघा. तो हात एकदाही चुकला नाही तर खुशाल कॅन्टीनचं ताट घ्या. आमची मुलगी पुढच्या वर्षी मोठ्या इमारतीत जाईल, तिथे ताटं झाकून येतात असं ऐकलंय. तिथेही मी आधी उभा राहून बघणार आहे. तोवर थर्मास.