शोभेची आली: बेलापूरच्या अंगणात वर्षभराचा अनुभव

मागच्या मेच्या शेवटी, पाऊस तोंडावर आलेला असताना, आल्याच्या कुळातली पाच झाडं अंगणात लावली: सोनटक्का, रेड जिंजर, टॉर्च जिंजर, सियाम ट्युलिप आणि पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचं शेल जिंजर. घर नवी मुंबईत बेलापूरला, पारसिक टेकडीच्या बाजूला. सकाळचं ऊन मिळतं, दुपारनंतर सावली. जमीन मुरमाड, म्हणून फूटभर खोल खणून लाल माती, शेणखत आणि पालापाचोळा भरून घेतला. आता दुसरा पावसाळा लागलाय, त्यामुळे कोण इथे रुळलं आणि कोण नाही, हे नीट सांगता येतं.

आधी सोनटक्का, कारण यात शंकेला जागाच नाही. बोटभर कंद लावा, श्रावणात फुलं घ्या. हिरव्या खवल्यांच्या कणसातून लांब, गुंडाळलेल्या कळ्या वर येतात आणि दिवस कलला की उमलू लागतात. जवळ जाऊन बघा: मधली रुंद, दुभंगलेली पाकळी ही खरी पाकळी नसतेच, ती रूपांतर झालेल्या पुंकेसरांची बनलेली असते. आल्याच्या सगळ्या कुळाचीच ही रीत आहे. मध मात्र लांब, बारीक नळीच्या तळाशी. तिथवर पोचते ती पतंगांची लांब सोंड, म्हणून वासही संध्याकाळनंतर चढतो. जिन्यातून वर येणाऱ्याला तो आधी कळतो, फूल नंतर दिसतं. दुसऱ्या दिवशी फूल मलूल होतं, पण कणसातून नवी कळी येतच राहते. सासूबाईंनी गौरींच्या वेणीसाठी बाजारातून काही आणलं नाही. हे झाड हिमालयाच्या पायथ्याकडचं, आणि तिकडे क्यूबाने त्याला राष्ट्रीय फूल केलंय. आपल्याकडे मात्र नव्या सोसायट्यांच्या बागांत ते दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रेड जिंजर हे न्यू गिनी आणि प्रशांत महासागरातल्या बेटांकडचं झाड. इथली दमट हवा त्याला मानवते. पहिले काही महिने नुसती पानंच होती. लाल तुरा दिवाळीनंतर आला आणि आठवडेच्या आठवडे टिकला. लाल दिसतात ती फुलं नव्हेत, ती सहपत्रं, म्हणजे फुलांखालची रंगीत पानं. खरं फूल पांढरं, बोटाच्या पेरापेक्षा फारसं मोठं नाही. ते त्या लाल वाट्यांतून एकेक करून डोकावतं. या जूनमध्ये जुना तुरा पावसाने वाकला, तेव्हा सहपत्रांच्या बेचक्यांत छोटी रोपं फुटलेली दिसली, मुळांसकट! ती अलगद काढून पिशव्यांत लावलीत. एक तक्रार आहे. मी गुलाबी जात मागवली होती, आली लाल. ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याकडून फुलावर आलेल्या झाडाचा फोटो मागून घ्या.

सियाम ट्युलिप हे हळदीचं सख्खं भावंड, थायलंड-कंबोडियाकडचं. पावसाळ्यात कमळासारखा गुलाबी तुरा सुरेख दिसतो. मात्र नोव्हेंबरपासून पानं पिवळी पडली आणि डिसेंबरात कुंडीत नुसती माती उरली. बरेच जण इथेच झाड गेलं म्हणून कुंडी रिकामी करतात. तसं करू नका. पाणी बंद करून कुंडी कोरड्या जागी ठेवली, वळवाच्या सरींनंतर कोंब वर आले.

टॉर्च जिंजर कुंडीत लावायचा विचारच करू नका. पानांचे दांडे १२-१५ फुटांपर्यंत जातात आणि फूल वेगळ्या, पानं नसलेल्या दांड्यावर थेट जमिनीतून येतं. मलेशियात त्याच्या कळ्या लाक्सात, म्हणजे तिथल्या मसालेदार नूडल सूपमध्ये घालतात. माझ्याकडे अजून फूल नाही, झाड जोमदार आहे. इतका वेळ ते घेतंच, म्हणून गुण राखून ठेवते. शेल जिंजर पानांसाठी घ्या, सावलीचा कोपरा उजळतो. बाकी विशेष नाही.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. आमच्याकडे बोअरचं पाणी खारट आहे. त्याने पानांच्या कडा करपायला लागल्या, तेव्हा नळाचं पाणी आणि बुंध्याशी वाळक्या पानांचं जाड आच्छादन यावर उन्हाळा काढला. पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड दिसली की पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो जमिनीलगत कापायचा, म्हणजे नव्या कोंबांना जागा होते. नेरूळला सातव्या मजल्यावर राहणाऱ्या बहिणीने यातला सोनटक्का मोठ्या कुंडीत लावला. खाडीकडच्या वाऱ्याने पानं फाटली, तरी फुलं आली. गॅलरीवाल्यांनी आडोसा करून तेवढाच लावावा.

पुढचं झाड मला रानहळद हवंय, आपल्या सह्याद्रीतलं, गुलाबी शेंडा आणि पिवळ्या फुलांचं. पावसाळी भटकंतीत ती दिसली की कंद उपटून आणणारे मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका, डोंगरावरची ती डोंगरावरच राहू द्या. देशी झाडांच्या रोपवाटिकेत विचारा, मीही तिथेच सांगून ठेवलंय.