महिन्याला एक प्रकार की चौकटींचा तक्ता?

वर्षभराचं वाचनाचं आव्हान घेताना पुस्तकांच्या यादीआधी एक गोष्ट ठरवावी लागते. बारा महिन्यांना बारा साहित्यप्रकार नेमून द्यायचे, की दर चौकटीत एका प्रकारचं एक पुस्तक असा चोवीस चौकटींचा तक्ता आखून जमेल तशी चौकट भरायची?

पुस्तक सरासरी २०० पानांचं धरलं आणि रोज २० पानं वाचली, तर बारा पुस्तकांना १२० दिवस लागतात, चोवीस पुस्तकांना २४०. तक्ता घेतला तरी चवथ (गणेशचतुर्थी), लग्नं, जत्रा यांना सव्वाशे दिवस उरतात. हा हिशेब अर्थात गद्याचा. कवितासंग्रह ९० पानांचा असला तरी रोज सात-आठ कवितांपुढे गेलं की सगळ्या एकमेकींत मिसळतात, म्हणून त्याला दहा-बारा दिवस द्यावेत. नाटकाचं उलट; दोन अंकी नाटक दोन बैठकांत संपतं.

महिन्याच्या पद्धतीत पळवाट नसते, हा तिचा खरा गुण. तक्त्यात कथा-कादंबऱ्या आधी भरतात आणि नोव्हेंबरात विज्ञान, समीक्षा, इतिहास तोंड फुगवून बसलेले असतात. त्यावर उपाय म्हणजे दर तिसरं पुस्तक नावडत्या चौकटीतलं घ्यायचं. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावणारं ड्यूई वर्गीकरण असेल तर ८९१.४६ या मराठीच्या आकड्यापाशी रेंगाळू नये. तिथे ८९१.४६१ वर कविता, ८९१.४६२ वर नाटक, ८९१.४६३ वर कथा-कादंबरी. विज्ञानासाठी ५०० कडे आणि प्रवासवर्णनासाठी ९१० कडे मुद्दाम चालत जावं लागतं.

माझ्यापुरता निकाल मात्र नाटकाने लावला. छोटं पुस्तक म्हणून ते सहसा डिसेंबरात टाकलं जातं, आणि गोव्यात नेमके तेच जत्रांचे दिवस. उत्सवी नाटकांच्या तालमी सुरू झाल्या की गावच्या ग्रंथालयातला नाटकांचा कप्पा निम्मा रिकामा. प्रत दिग्दर्शकाकडे, मुदत उलटलेली, आणि परत येते तेव्हा एकाच पात्राच्या संवादांखाली पेन्सिलीच्या रेघा. महिन्याच्या पद्धतीत तुमचा डिसेंबर तिथेच अडतो. महिने आपसांत बदलता येतात म्हणा, पण दोनदा बदलले की तो तक्ताच झाला.

तक्त्याची भानगड वेगळी, एक पुस्तक दोन चौकटींत बसतं. रवींद्र केळेकरांचं कोंकणी पुस्तक ‘हिमालयांत’ प्रवासवर्णनही आहे आणि ‘दुसऱ्या भाषेतलं पुस्तक’ही. (गोव्यातल्या मराठी वाचकाला ही चौकट जवळजवळ फुकटात मिळते, देवनागरी कोंकणीला नवी लिपी शिकावी लागत नाही.) अशा वेळी नाव दोन्हीकडे पेन्सिलीने लिहावं आणि जी चौकट भरणं शेवटी अवघड वाटेल तिथे शाईने कायम करावं. सुरुवातीलाच शाई लावली की पुस्तक सोप्या चौकटीत वाया जातं.

सलग वाचायची सवय नसेल, किंवा शाळकरी मुलांसाठी आव्हान आखत असाल, तर महिन्याची पद्धत कदाचित बरी पडेल. फक्त नाटक जूनमध्ये घाला. पावसात तालमी नसतात, आणि कप्पा भरलेला असतो.