हाताने लिहिलेलं पुस्तक की छापलेलं? व्हेस्पासियानो आणि आल्डस

समजा तुम्ही १५०० च्या सुमारास इटलीत आहात आणि लॅटिन-ग्रीक वाचायचं वेड लागलंय, तर पुस्तक कसलं घ्याल?

एक म्हणजे फ्लॉरेन्सचा पुस्तकविक्रेता व्हेस्पासियानो, त्याच्याकडचं हाताने लिहिलेलं. फ्लॉरेन्सचा बडा सावकार कोसिमो मेदिची, त्याच्यासाठी ४५ लेखनिक बसवून २२ महिन्यांत २०० ग्रंथ लिहून दिले असं तो स्वतःच सांगतो (थोडी फुशारकी धरून चाला). गुळगुळीत चामड्यावर सुबक अक्षर, समासात सोनेरी वेलबुट्टी, म्हणजे पुस्तक कसलं, दागिनाच. छापील मालाचा त्याला तिटकारा, उर्बिनोच्या ड्यूकच्या लायब्ररीत छापील पुस्तक ठेवलं असतं तर ते बिचारं लाजलं असतं म्हणे. पण हे परवडणार ड्यूक लोकांनाच.

दुसरं म्हणजे व्हेनिसचा छापखानेवाला आल्डस मनुशियस, मूळचा मास्तर, त्याचं छापील. याने १४९५ ते १४९८ मध्ये जवळजवळ अख्खा अ‍ॅरिस्टॉटल ग्रीकमध्ये पाच खंडांत छापला, आणि १५०१ ला लॅटिन कवी व्हर्जिल काढला तो हातात मावेल एवढा, भाष्यबिष्य काही नाही, नुसत्या कविता, आणि ग्रिफो नावाच्या कारागिराने छपाईसाठी कोरलेलं तिरकं अक्षर, तेच आपलं इटालिक. मला विचाराल तर डोळे झाकून हाच घ्या, प्रवासात नेता येतो.

फक्त ओरिजिनल बघून घ्या. फ्रान्समधल्या लियाँचे छापखानेवाले याच्या कॉप्या मारायचे, वैतागून आल्डसने १५०३ मध्ये त्यांच्या चुकांची यादीच छापली, तर त्या पठ्ठ्यांनी ती यादी वाचून पुढच्या कॉप्यांतल्या चुका सुधारून घेतल्या!