एअर पिस्तूल की एअर रायफल: हात कशावर बसवावा?

नेमबाजी शिकायचं ठरलं की बहुतेक जण हा प्रश्न खर्चावर सोडवतात. रायफलला जाड जॅकेट, पँट, बूट, हातमोजा असा सगळा जामानिमा लागतो, पिस्तूलवाल्याला तो लागत नाही. खरं आहे. पण मी आधी विचारेन: मागून कुणी हाक मारली तर तुम्ही कसे वळता?

पिस्तूल हाती घेऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा मी हाकेसरशी वळलो. मान वळली, खांदा वळला आणि त्यांच्यामागोमाग हातही. नळीचं तोंड शेजारच्या दोन लेनवरून फिरलं. छर्रा भरलेला नव्हता, तरी सरांनी पिस्तूल काढून घेतलं आणि दिवसभर बाकावर बसवलं. बरोबरच केलं. पिस्तुलाचं हेच आहे, मनगट जरा वळलं की नळी भलतीकडे. रायफल मीटरभर लांब आणि दोन्ही हातांत. ती वळवायला अख्खं अंग वळवावं लागतं आणि शेजाऱ्याला ते आधीच दिसतं.

बोटाच्या बाबतीत मात्र उलट. 10 मीटरच्या स्पर्धेत पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर लागेल असा असावा लागतो, रायफलला अशी किमान मर्यादाच नाही. मुरलेल्या नेमबाजाची रायफल हातात आली तर बोट टेकेपर्यंत छर्रा गेलेला असतो. नवशिक्याने ट्रिगर जडच लावून घ्यावा, आणि नेम धरेपर्यंत बोट गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, बाहेर.

रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका 0.5 मिलिमीटरचा, पिस्तुलाचा 11.5 मिलिमीटरचा. म्हणून पिस्तूल सोपं समजू नका, ते एकाच हाताने, टेकूशिवाय पेलायचं असतं. पाठ दुखत असेल तर मात्र पिस्तूलच बरं. रायफलसाठी उभं राहताना कमरेला बाक येतो.

बाकी दोन्हीकडे सारखंच. छर्रा 4.5 मिलिमीटरचा, शिशाचा, म्हणून सरावानंतर हात साबणाने धुवायचे. हत्यार खाली ठेवलं की सेफ्टी फ्लॅग, म्हणजे हत्यार रिकामं असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी, नळीत. आणि ‘हवेचंच तर आहे’ म्हणणाऱ्याच्या हाती दोन्हींपैकी काहीच देऊ नये, छऱ्याने डोळा जातो.

विकत घेण्याआधी रेंजवरची दोन्ही हत्यारं आलटून पालटून वापरून बघा. मी शेवटी पिस्तुलाकडेच परतलो, पण मधले सहा महिने रायफलवर काढून.